रोखलेल्या वाटेचे कर्म

कचेरीच्या जाळ्यात मॅनेज्ड इथरनेट स्विच बसविताना, एखादी तार तुटली तरी व्यवहार खोळंबू नये म्हणून दूरदर्शी योजक दोन स्विचांमध्ये दुसरी वाट राखून ठेवण्याची तजवीज करतो. परंतु इथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादा नसल्यामुळे, दोन्ही वाटा निर्बंधपणे खुल्या राहिल्यास सर्वांना उद्देशून निघालेला संदेश त्या चक्रात फिरत व वाढत राहून अल्पावधीतच सारे जाळे ठप्प करतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या स्पॅनिंग ट्री पद्धतीनुसार स्विच आपापसांत एक मूळ निवडतात आणि चक्र निर्माण करणाऱ्या वाटेचे एक द्वार रोखून धरतात.

या द्वारास निष्क्रिय म्हणावे काय? ते कामकाजाची एकही फ्रेम पुढे धाडीत नाही. तथापि शेजाऱ्याचे नियंत्रणसंदेश अविरत ऐकते, आणि मुख्य वाट खंडित झाल्यास, कोणाच्या हुकमाची प्रतीक्षा न करता, कामावर रुजू होते. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहणाऱ्यास बुद्धिमान म्हटले आहे, त्याचे मर्म येथे अंशतः उमगते. अंशतःच, कारण यंत्रास संकल्प नाही, म्हणून त्याच्या संयमास पुण्यही नाही. सामर्थ्य असूनही समष्टीच्या हितासाठी जो जाणतेपणी स्वतःस आवरतो, त्याची निवृत्ती मात्र निःसंशय कर्मच होय.