गौरवाचा साचा

एखाद्या समूहाविषयीची निंदापर प्रतिमा अन्यायकारक असते, हे आता वेगळे सिद्ध करावे लागत नाही. गौरवपर प्रतिमेचे तसे नाही. ती सद्भावातून आलेली असते आणि तिला हरकत घेणारा कृतघ्न ठरतो. म्हणूनच तिची चिकित्सा अधिक निकडीची आहे. मराठी समीक्षेत दलित साहित्याच्या वाट्याला आलेली स्तुती हे याचे ठळक उदाहरण होय. ‘दाहक’, ‘रांगडे’, ‘अस्सल’ ही विशेषणे आपण इतक्या सवयीने योजत आलो आहोत की ती योजल्यावर संहिता वाचण्याची गरज उरत नाही.

ही विशेषणे खोटी नाहीत, अपुरी आहेत; आणि त्यांचे अपुरेपण निरुपद्रवी नाही. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दया पवारांनी दगडू आणि दया पवार अशा दोन रूपांत स्वतःला विभागून निवेदन रचले. दुभंगलेल्या जाणिवेसाठी विचारपूर्वक निवडलेले हे रूप ‘अस्सल अनुभव’ म्हणून पुस्तक मिटणाऱ्याला दिसतच नाही. बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आहे, जबानी नव्हे. नामदेव ढसाळांनी वर्णिलेल्या वस्तीत हजारो माणसे राहत होती. ‘गोलपिठा’ (१९७२) एकानेच लिहिला. श्रेय अनुभवाला दिले की लेखकाची कल्पकता हिरावली जाते.

दुसरी हानी अपेक्षेची. या साच्याबाहेर जाऊन दलित कवीने पावसावर किंवा स्वतःच्या संशयावर लिहिले, की त्याची धार बोथट झाल्याची खंत व्यक्त होते. इतरांना जे स्वातंत्र्य सहज मिळते, ते त्याच्या बाबतीत स्खलन ठरते.

अनुभवाचे प्रामाण्य दलित लेखकांनीच मांडले, असा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. परंतु त्यांनी ते नव्या निकषांची मागणी म्हणून मांडले. स्तुतिपर समीक्षेने त्याचा उपयोग निकषांतून सूट देण्यासाठी केला. मागणीत समतेचा आग्रह आहे, सवलतीत उपकाराची भावना.

गुण जन्माशी बांधणे हे जातिव्यवस्थेचे मूलतत्त्व आहे. दोषाच्या जागी गुण ठेवल्याने ते तत्त्व मोडत नाही, केवळ सुसह्य होते. लेखकाचा खरा सन्मान त्याची कलाकृती कसून वाचण्यात, आणि प्रसंगी ती फसली आहे असे म्हणण्याइतके तिला गांभीर्याने घेण्यात आहे.