तक्रारीचा टाळ

मनुष्यस्वभावाचें ज्ञान झाल्यावर त्याचा उपयोग हाताखालच्या माणसांकडून काम करवून घेण्यासाठीं करावा काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना सहसा सुचत नाहीं. कारण जन्मभर आम्ही तेंच करीत असतों. मलाही तो विभागप्रमुख होईपर्यंत सुचला नव्हता.

फ्रीडेमान शुल्त्स फोन टुन ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९८१ सालीं संवादाविषयींचा आपला विचार ग्रंथरूपानें मांडला. त्याच्या मतें प्रत्येक वाक्यांत चार गोष्टी एकदम सांगितल्या जातात: वस्तुस्थिति, बोलणाऱ्याचें मन, ऐकणाऱ्याशीं असलेलें नातें आणि मागणी. ऐकणाराही जणू चार कानांनीं ऐकतो. ‘गुणपत्रकें अजून आलीं नाहींत’ असें मीं म्हटलें, तर तें निव्वळ वृत्त असूं शकेल. परंतु नातें टिपणाऱ्या कानाला त्यांत ‘तुम्ही आळशी आहां’ असेंच ऐकूं येईल. आमच्याकडील सासूसुनांना हें शास्त्र फार पूर्वींपासून अवगत आहे, ही गोष्ट वेगळी!

एक तरुण सहकारी जादा तासांच्या वांटणीवरून नाराज होता. मीं त्याला बोलावलें, चहा मागविला, मध्यें एकदांही त्याला तोडलें नाहीं, आणि त्याचेंच म्हणणें माझ्या शब्दांत त्याला परत ऐकविलें. तो प्रसन्न होऊन गेला. जादा तास मात्र त्याच्याकडेच राहिले. पुढें बारामतीच्या बाजारांत भेटला तेव्हां म्हणाला, “सर, त्या दिवशीं आपण इतकें छान ऐकलेंत, कीं मागावयाचें काय होतें तेंच मी विसरलों.” त्याच्या हंसण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें मला झोंबलें.

तुकोबांची पालखी आमच्या बारामतीवरून, बेलवाडीचें रिंगण करून, इंदापुराकडे जाते. हजारों माणसें, पगार नाहीं, बडतर्फीचें भय नाहीं, आणि तरी प्रत्येक दिंडी आपापल्या जागीं चालते. ही शिस्त कशी टिकते, ह्याचें एक उत्तर मला नीरेपलीकडून, लोणंद-फलटणच्या वाटेनें जाणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखींत सांपडलें. तेथें मुक्कामाला समाजआरती होते. दिंड्या पालखीभोंवतीं उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि सारे टाळमृदंग थांबतात. परंतु ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणें ऐकतो. तो टाळ शांत झाल्यावरच आरती.

माझ्या चहांत आणि ह्या प्रथेंत ऐकणें तर दोहोंकडे आहे. परंतु केव्हां ऐकावयाचें, किती वेळ, आणि कोठें थांबावयाचें, हें सारें माझ्या हातीं होतें. चार कानांचें ज्ञानही माझ्या एकट्याजवळ. तेथें गाऱ्हाणें करणारा स्वतःच आवाज उठवितो, ऐकणाऱ्याला चालत त्याच्याकडे जावें लागतें, आणि तोंवर साक्षात् माउलींची आरती खोळंबते. जर्मन पंडिताला मी दोष देत नाहीं. आमच्या शिक्षककक्षांतील निम्मीं भांडणें चुकीच्या कानानें ऐकल्यामुळेंच होतात, आणि त्याचें पुस्तक मीं आतां सर्वांना वाचावयास दिलें आहे. पण पुस्तकानें तास कमी होत नाहींत.

येत्या जूनमध्यें वांटणी पुन्हा व्हावयाची आहे. कोणाचेंही गाऱ्हाणें उरलें असेल तोंवर वेळापत्रकावर सही करणार नाहीं, असें मीं विभागांत सांगून टाकलें. सांगतांक्षणींच मनांत आलें, आठही जण टाळ वाजवीत राहिले तर?