फाटका सूर

प्रत्येक धंद्याची दोषाची अशी एक स्वतःची व्याख्या असते. शिंप्याच्या लेखी उसवलेली शिवण हा दोष, हलवायाच्या लेखी पाकाची तार चुकणे हा दोष. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची व्याख्या त्याहूनही सोपी आहे : जे आत गेले तेच बाहेर आले पाहिजे, मोठे होऊन यावे, पण वेगळे होऊन येता कामा नये. यंत्राने आपल्या पदरचे काही त्यात घातले, की आवाज 'फाटला' असे आम्ही म्हणतो आणि सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो. या एका व्याख्येवर मी चाळीस वर्षे पोट भरले. त्यामुळे नेमक्या त्याच फाटक्या आवाजासाठी माणसे आज हौसेने पैसे मोजतात, तो नीट फाटला नाही म्हणून हळहळतात, हे पाहिल्यावर मला पडलेला प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. दोष जाणूनबुजून केला तर तो दोष राहतो का? आणि राहत नसेल, तर त्याचा जाब कोणी द्यायचा?

ज्या वाचकांचा या वस्तूशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी वायरींच्या गुंत्यात एक लहानशी डबी पडलेली असते. गिटारमधून निघालेला विजेचा क्षीण संदेश आधी या डबीत जातो आणि मग अॅम्प्लिफायरकडे. डबीवरचे बटण पायाने दाबले, की आवाजाचे रूप पालटते. अशा डबीला पेडल म्हणतात, आणि ज्या जातीच्या पेडलविषयी मी लिहीत आहे तिचे नाव 'फझ'. आत घडते ते असे. तारेचा आवाज म्हणजे चढउतारांची एक लाट. फझमधले ट्रान्झिस्टर ही लाट इतकी फुगवतात, की तिचा माथा त्यांच्या मर्यादेला जाऊन आपटतो आणि कापला जातो. डोंगराच्या जागी पठार उरते. शेंडा असा सपाट झाला, की मूळ सुरात नावापुरतेच असलेले वरचे उपस्वर उसळून बाहेर येतात, आणि सूर जाड, खरखरीत, आगपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा होतो. तार विझत आली तरी उरलेली लाट छताला टेकतच राहते, म्हणून सूर लवकर मरत नाही. माझ्या दुकानात यांतली प्रत्येक गोष्ट तक्रार म्हणून आली असती.

या आवाजाची कुळकथा अपघातांची आहे. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणे मुद्रित झाले. वादकांचा अॅम्प्लिफायर वाटेतच दुखावला होता. फिलिप्स यांनी फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि विली किझार्ट यांची गिटार घरघरत होती तशीच मुद्रित केली. पुढे नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या वेळी मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारी बास गिटारचा आवाज मधेच घोगरा होऊन गुरगुरू लागला. तो तुकडा कापून न टाकता तसाच ठेवला गेला. गाणे १९६१ साली बाहेर आले आणि कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

याच कथेत दुसऱ्या जातीची माणसेही आहेत. 'रंबल' हे वादन १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी लिंक रे यांनी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली होती. 'द किंक्स' या इंग्लिश वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिस या पोरसवदा वादकाने १९६४ सालच्या एका गाण्यासाठी तोच पडदा ब्लेडने चिरला. मेम्फिसमध्ये जे घडले ते इथे केले गेले. 'घडले' आणि 'केले' ही दोन क्रियापदे व्याकरणात शेजारी राहतात, पण नीतीच्या दृष्टीने त्यांच्यामध्ये एक सबंध नदी वाहते. जे घडते त्याला कर्ता नसतो. ते सोसायचे असते किंवा दुरुस्त करायचे असते. जे केले जाते त्याला धनी असतो. आणि माझ्या मते ही नदी ओलांडली गेली ती पेन्सिलीच्या टोकाने नव्हे, तर त्याच्याही आधी, मेम्फिसमध्ये कोणीतरी ऐकून 'राहू दे' म्हटले त्या क्षणी. बिघाड कोणाच्याही वाट्याला येतो. तो ऐकून, तोलून, आपल्या नावावर घेणे मात्र सगळ्यांना साधत नाही.

नॅशव्हिलचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हा बिघाड आपल्या नावावर घेतला तो अगदी अक्षरशः. रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने त्यांनी ट्रान्झिस्टरांची एक मांडणी बनवली, आणि ती गिब्सन कंपनीने १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणली. आत जर्मेनियमचे ३ ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टचे २ सेल. विकणाऱ्यांनी तिची तारीफ केली ती अशी, की या डबीने तुमची गिटार तुतारीसारखी, ट्रॉम्बोनसारखी वाजेल. गिऱ्हाईक काही भुलले नाही. डब्या पडून राहिल्या. १९६५ साली कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ती वापरली तीसुद्धा तात्पुरती. त्या जागी पुढे पितळी वाद्ये येतील अशीच त्यांची कल्पना होती. ती वाद्ये आलीच नाहीत. कच्चा खर्डाच पक्का ठरला, आणि पडून राहिलेल्या डब्या हातोहात खपल्या. जोवर ती दुसऱ्या वाद्याचे सोंग घेत होती तोवर तिला कोणी विचारले नाही, ती स्वतःच्या फाटक्या आवाजात बोलली तेव्हा जगाने कान दिला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध आला तो एका पत्र्याच्या डब्यामुळे. जुन्या रेडिओंतून काढलेले ट्रान्झिस्टर मी टाकून देत नसे. त्यांत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी-१२८ या जातीचे बरेच होते. चारपाच वर्षांपूर्वी आमच्या आळीतला एक मुलगा ते विचारत आला. "काका, तुमच्याकडे जुने जर्मेनियमचे आहेत ना? मला साठ सालातला आवाज पाहिजे," असे तो म्हणाला. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या 'फझ फेस' या गोल डबीची प्रतिकृती त्याला करायची होती. तीत ट्रान्झिस्टर २ च. जिमी हेन्ड्रिक्स यांच्या पायाखाली असे ती. त्याच्या हातात मीटर होता आणि वहीत आकडे होते : पहिल्याचे वर्धन ७० ते ८०, दुसऱ्याचे १२० च्या आसपास, गळती शक्य तितकी कमी.

जर्मेनियम ही लहरी वस्तू आहे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर जन्मला तो जर्मेनियमचाच. पण त्यातून वीज थोडी झिरपत राहते, आणि उष्णता दहाएक अंशांनी वाढली की हे झिरपणे सुमारे दुप्पट होते. एकाच छापाचे, एकाच पुडीतले दोन नग सारखे निघतील याची हमी नाही. म्हणून तर सिलिकॉन आले तसे जर्मेनियम मागे पडले. आता गंमत पाहा. साठ सालच्या कारखान्यात हाताला येईल तो नग बसवला जाई; त्यामुळे काही डब्या अप्रतिम निघत, काही अगदीच फुसक्या. ज्या अप्रतिम होत्या त्या लोकांनी जपल्या, आणि त्यांवरून आपण म्हणतो, 'तो काळच तसा होता!' वस्तुतः काळ तसा नव्हता. काळाने निवड केली, आणि निवडीचे श्रेय आपण काळालाच देऊन टाकले. 'जुने ते सोने' या म्हणीत जुन्या कथलाची दखल घेतलेली नाही.

तो मुलगा महिनाभर येत होता. हळूहळू त्याच्याच ध्यानात येत गेले, की तो आवाज डबीत सापडत नाही. गिटारवरची आवाजाची कळ थोडी मागे घेतली की तोच फझ निवळून जवळजवळ स्वच्छ होतो, आणि बोटाच्या जोरावर फाटतो वा सांधतो. गिटार आणि फझ यांच्यामध्ये दुसरे पेडल आणले, की हा जिव्हाळा तुटतो. अर्धा उतरलेला स्वस्त सेल कधी नव्या सेलापेक्षा गोड लागतो. पुढचा अॅम्प्लिफायर आधीच घाम गाळत असावा लागतो. उन्हाळ्यात दुपारी बरोबर वाजणारी डबी पावसाळी रात्री बदललेली असते. म्हणजे हा आवाज एका वस्तूचा गुण नाही. तो चारपाच दुबळ्या वस्तूंचा आपसांतला समझोता आहे, आणि तो रोज नव्याने करावा लागतो. साठ सालच्या वादकांकडे जुना आवाज नव्हताच. त्यांच्याकडे होती ती आज समोर असलेल्या लहरी वस्तूशी जमवून घेण्याची तयारी. ती मात्र कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही.

हे लिहिताना मला मिरजेची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता, रुंद घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक दोरा सरकवतात. तार कापते तेव्हा ती त्या माथ्याला पुन्हा पुन्हा घासून जाते, आणि एकाच तारेतून उपस्वरांची झुंबड उठते. हीच जवारी. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो ते ऐकू येऊ नयेत असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले, की आपली वीणा आणि तंबोरा हा नियम मोडतात. आता 'हे तर आमच्याकडे होतेच' असे म्हणून पाठ थोपटून घेण्याचा माझा हेतू नाही. दोन्हींचे शास्त्र आणि रस निराळे आहेत. मला एवढेच सांगायचे आहे, की जवारीच्या त्या किणकिणत्या घरघरीला कोणी दोष म्हणत नाही, कारण तिच्यामागे एक माणूस कानस हातात घेऊन, कान लावून बसलेला असतो. घोडी झिजते, जवारी बिघडते, ती पुन्हा काढावी लागते. तीही एकदाच मिळवून ठेवण्याची चीज नाही.

मग मुद्दाम केलेला दोष हा दोष नाहीच का? इथे एक कसोटी मला सापडते. उत्सवाच्या दिवसांत चौकाचौकांत कर्णे लागतात. अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर पिळलेला असतो, लाटेचे माथे तिथेही कापले जातात, तिथेही पठारे उरतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने फझमध्ये घडते तेच तिथे घडते. पण खिडकी बंद करून उशीत डोके खुपसलेल्या आजारी माणसाला विचारा, ते संगीत आहे का! फरक लाटेत नाही. गिटारवाल्याने आपला फाटका सूर निवडलेला असतो, त्याचे बरेवाईट तो स्वतःच्या नावावर घेतो, आणि ज्याला नको त्याला उठून जाण्याची मोकळीक असते. कर्ण्याचा आवाज कोणी निवडला हे सांगता येत नाही. तो सोसणारे मात्र नेमके सांगता येतात. दोष कोणी पत्करला आणि कोण भोगतो, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच घरी सापडली तर त्याला कला म्हणावे. ती दोन घरी निघाली, तर तो बिघाड समजून दुरुस्तीला घ्यावा.

हीच कसोटी माणसांनाही लावून पाहावी. 'मी असाच आहे, फटकळ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही' असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांनी आपला दोष दागिन्यासारखा अंगावर घातलेला असतो, पण त्याचे टोक बोचते ते बायकोला, सुनेला, हाताखालच्या कारकुनाला. 'आमच्या काळी असे हाल काढले म्हणून आम्ही घडलो' असे म्हणणारे आम्ही वृद्धही त्याच पंगतीतले. किझार्ट यांच्या त्या सत्रातला आवाज मोडक्या अॅम्प्लिफायरमधून निघाला. तो आज हवासा वाटण्यात काहीच वावगे नाही. पण म्हणून पुढच्या पोराला चांगला अॅम्प्लिफायर मिळू नये असे म्हणणे हा केवळ दुष्टपणा होय. अडचणीतून निघालेला सूर घ्यावा. अडचण वारशाने देऊ नये.

त्या मुलाचे पेडल पुरे झाले. डब्यातल्या ज्या नगांचे आकडे वहीशी जुळत होते ते त्याने शेवटी बाजूला ठेवले आणि कानाला पटलेले दोन बसवले. आवाज १९६६ चा झाला का, हे मी सांगू शकणार नाही. तो त्याचा झाला, इतके मात्र खरे; आणि यापुढे तो कमीजास्त वाजला तर दोष काळावर, जर्मेनियमवर किंवा माझ्या डब्यावर ढकलण्याची त्याला सोय उरलेली नाही. दोषाचा गुण होतो तो असा, आणि त्याची एवढी किंमत पडते.