चिंता करणाऱ्या आईची बाजू

ख्रिस्ती पालकांच्या शिबिरांत एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं: काळजी करणाऱ्या आईचा देवावर भरवसा कमी असतो. वक्ता माइक हातात धरून हसतमुखाने सांगतो, समोरच्या बायका वहीत उतरवून घेतात. दहावीतला मुलगा रात्र रात्र जागतो म्हणून स्वतःही न झोपलेली एखादी आई काही उपाय मिळेल म्हणून आलेली असते. परत जाताना जुनी काळजी तर तिच्याबरोबर असतेच, वर काळजी केल्याचं पापही डोक्यावर असतं. हा हिशेब मला मान्य नाही. ज्या पुस्तकाच्या जोरावर तो मांडतात, त्या पुस्तकातही तो बसत नाही.

लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट घ्या. सण आटोपून यरुशलेमहून परतताना बारा वर्षांचा येशू मागे राहतो. नातलगांत असेल म्हणून आईबाप दिवसभर चालत राहतात, मग उलट्या पावली शोधत जातात आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात शास्त्र्यांशी बोलत बसलेला मुलगा सापडतो. मरिया त्याला सगळ्यांदेखत विचारते की तू असं का वागलास, आमचा जीव किती टांगणीला लागला होता! मुलाचं उत्तर कुठल्याही आईला झोंबेल असं आहे, आणि आईबापांना ते कळलं नाही, हेही लूक लपवत नाही. मरियेला इथे भरवशाचा धडा कोणी देत नाही. मुलगा उठतो, त्यांच्याबरोबर नासरेथला जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. अशा कासावीस झालेल्या बाईला चर्चने देवमाता म्हटलं आणि शिबिरातल्या बाईला अविश्वासू!

भरवशावरचं व्याख्यान द्यायचंच तर सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या तोंडवलीत येऊन द्यावं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे माडांची पट्टी. तळाशीलकडे जावं तशी ती अरुंदच होत जाते. पावसाळ्यात समुद्राने किती जमीन खाल्ली, हे इथला माणूस उठल्याबरोबर बघून येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा होडी वर ओढून ठेवलेला माणूसही पुन्हा पुन्हा दोर तपासत होता आणि तोंडाने देवाचं नाव घेत होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वेळच्या. येशूचे पहिले शिष्य मासेमारच होते. मार्कच्या शुभवर्तमानात ते वादळात घाबरून त्याला झोपेतून उठवतात. तो आधी समुद्र शांत करतो आणि मग त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो. मत्तयाकडे हा क्रम उलटा आहे, हे मला माहीत आहे. मी मार्कच्या बाजूचा.

आता आपल्याकडच्या एका आईकडे वळतो. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. नवरा आदल्या वर्षीच गेला होता. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील या धास्तीने तिचं मन ढळलं आणि तिने तिथेच जीव दिला. रमाबाई पार खचल्या. त्यांना ऑक्सफर्डला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या मॅक्स म्युलरने पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांची अवस्था पाहून रोज रात्री त्यांच्या खोलीत झोपायला एक मोलकरीण द्यावी लागली. ऋग्वेद संपादणाऱ्या पंडिताला उपदेश करणं जड गेलं नसतं. पण त्याने रात्री सोबतीला माणूस दिलं.

त्याच वर्षी इंग्लंडातल्या वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला आणि पालकत्वाचं खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना मनोरमेला आपल्या पंथाच्या चौकटीत वाढवायचं होतं. जे मला स्वतःला पटलेलं नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असा रमाबाईंचा आग्रह. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून अंडं खाण्यापर्यंत वाद झाले. अ. भि. शहा यांनी १९७७ साली छापलेल्या पत्रव्यवहारात ते सगळं आहे. रमाबाई या बाईंना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणतात, आणि आजीबाईंशी भांडावं तशाच भांडतात. पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात पोरीला सांभाळायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मनोरमेला परत याच आजीबाईंकडे पाठवलं. मतभेद होते तिथेच होते. पण मूल एकटीने वाढवता येत नाही, हे रमाबाईंना ठाऊक होतं.

इथवर येऊन वक्त्यावर निकाल द्यायचा माझा बेत होता. पण रमाबाई तिथे थांबत नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईबाप अशाच दुष्काळात अन्नाविना गेले होते. तरी त्या पुन्हा दुष्काळात शिरल्या त्या निव्वळ देवावर हवाला ठेवून. त्यांनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करत होत्या, तेव्हा रमाबाईंनी त्यांना आवरलं नाही. म्हणजे माझ्या वक्त्याचा भरवसा पोकळ नाही. तो माणसाला उठवून कामाला लावू शकतो, हे मला कबूल करावं लागतं. फरक इतकाच की केडगावात भरवशाच्या जोडीला विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता, आजारी मुलीच्या उशाशी बसायला माणूस होतं. शिबिरात यातलं काय असतं?

आणि मुलांच्या मनातली चिंता येते कुठून, हेही विचारायला हवं. छडीचं नीतिसूत्र पालकांना पाठ असतं. पौल मात्र कलस्सैकरांना लिहिताना बापांनाच बजावतो की मुलांना डिवचू नका, ती खचतील. हे वाक्य शिबिरात मी क्वचितच ऐकलं. टक्क्यांवरून रोज टोमणे ऐकणाऱ्या मुलाला संध्याकाळी तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसवलं, तर त्याचं अर्धं लक्ष बापाच्या चेहऱ्याकडेच राहणार.

म्हणून शेवटचं मागणं सिंधुदुर्गच्या धर्मप्रांताकडे. सावंतवाडीला केंद्र असलेला हा धर्मप्रांत पुण्यापासून २००५ साली वेगळा झाला. इथल्या किती घरांतले बाप मुंबईत, आखातात किंवा बोटीवर असतात आणि घरी आई एकटी असते, हे त्याला सांगायला नको. पुढच्या शिबिरात एक तास कमी बोला आणि त्या तासात मानसोपचारतज्ज्ञाला बसवा. ते जमत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतूनही. तिचा नंबर १४४१६. तो चर्चच्या दारावर मिस्साच्या वेळांशेजारी लावा.