मिठाला न जागणारी माणसे

माझ्या आयुष्यात मी एकदाच न्यायाधीश झालो, आणि तोही एका बांधापुरता.

आमचे गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेरपासून फार लांब नाही. १९७७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा गावच्या शाळेत नवा मास्तर होतो. आप्पा आणि त्यांचे शेजारी यांच्या कपाशीच्या शेतांमधला बांध नक्की कुठून जातो, यावर दोन पिढ्यांची भांडणे होऊन गेली होती. कोर्टाच्या तारखांना दोघेही कंटाळले होते. शेवटी गावातलाच एक शिकलेला माणूस पंच नेमावा असे ठरले आणि आप्पांनी माझे नाव सुचवले. शेजाऱ्याने, दुसरे नाव सुचेना म्हणून असेल, मान हलवली.

आता हे आप्पा कोण, ते सांगायला हवे. माझे वडील वारले तेव्हा मी जळगावला मूळजी जेठा महाविद्यालयात इंटरच्या वर्गात होतो. शिक्षण सोडून गावी यायचे मी ठरवले होते. आप्पांनी न बोलता माझी फी भरली, खोलीचे भाडे भरले, आणि पुढे कधी त्याचा उच्चारही केला नाही. उपकार करून विसरणारा माणूस फार अवघड असतो. त्याची परतफेड करायला तो जागाच ठेवत नाही.

मी मोजणीचा नकाशा पाहिला, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले, दोन दिवस उन्हात साखळी ओढत फिरलो आणि तिसऱ्या दिवशी लेखी निकाल दिला. निकाल आप्पांच्या बाजूने होता. शेजाऱ्याने कागद घडी करून टोपीत ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, निकाल खरा व्हई. पन तुमले कोनी बसाडं, ते माले माहीत से."

हे वाक्य पुढे आयुष्यभर माझ्या कानात राहिले. मी लाच घेतली नव्हती, कोणी मला शब्द टाकला नव्हता. निकाल बरोबर होता असे मला तेव्हा वाटले आणि आजही बहुधा तसेच वाटते. पण तो मी पुराव्याला जागून दिला की मिठाला, हे माझे मलाच खात्रीने सांगता येत नाही.

आपल्याकडे मिठाला जागणे हा केवढा मोठा गुण! नोकर मिठाला जागला तर त्याच्या गोष्टी होतात, न जागला तर त्याला कुत्र्याचा दाखला देतात. लहानपणी दिवाळीच्या फराळाला बसलो की आजी हटकून अशी एखादी गोष्ट सांगे. पण न्यायाधीश नावाचा जो माणूस आपण नेमतो, त्याच्याकडून नेमकी उलटी अपेक्षा करतो. ज्याने खुर्चीवर बसवले त्यालाच, वेळ आली तर, खुर्चीवरून दोषी म्हणावे. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण मुलांना मोठ्या अभिमानाने सांगतो. रामशास्त्र्यांना पेशव्यांनीच नेमले होते आणि १७७३ साली नारायणरावांच्या खुनानंतर त्यांनी दोषी धरले ते रघुनाथरावही पेशवेच, हे सांगायचे मात्र आपण विसरतो. खरी गोष्ट तर तिथेच आहे.

आमच्या खानदेशाने या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. १८७९ साली महादेव गोविंद रानडे धुळ्याला न्यायाधीश म्हणून आले. बदली म्हणजे नोकरीतली साधी बाब; पण ही बदली साधी नव्हती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. पुण्यात वाडे जळाले होते, आणि पुण्याच्या सुशिक्षितांचे या बंडाशी काही सूत आहे काय, या संशयाने सरकारला झोप नव्हती. रानडे पुण्यापासून दूर बरे, म्हणून आधी नाशिक आणि मग धुळे. रमाबाईंनी आपल्या आठवणींत या दिवसांबद्दल लिहिले आहे: टपाल फोडून पाहिले जाई, बंडवाल्यांच्या नावाने पत्रे येत, आणि रानडे ती शांतपणे पोलिसांकडे पाठवून देत. म्हणजे ज्या माणसाने लोकांचे खरेखोटे निवडायचे, त्याच्याच खरेपणाची परीक्षा त्याला नेमणारे सरकार चोरून घेत होते! धुळ्याला पांझरेच्या काठी गेलो की मला हटकून तो लिफाफा आठवतो. पुढे १८९३ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या मृत्यूनंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. तेलंग त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि तरी चार वर्षे आधी त्या खुर्चीवर बसलेले. असो.

परके सरकार होते म्हणून असे झाले, असे आपण समाधान करून घेऊ. पण घटना लिहिताना डॉक्टर आंबेडकरांनी असे समाधान करून घेतले नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी हा प्रश्न सरळ मांडला. इंग्लंडात नेमणूक सरकारच्या हाती, तीवर बंधन नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने सुचवलेल्या नावाला सेनेटची संमती लागते. ती पद्धत अवजड, शिवाय तीत राजकीय दडपण शिरण्याची भीती. मग सरन्यायाधीशांच्याच हाती सारे द्यावे काय? तेही त्यांना धोक्याचे वाटले. कारण सरन्यायाधीश कितीही थोर असला, तरी सामान्य माणसाचे राग-लोभ आणि पूर्वग्रह त्यालाही असायचेच. म्हणून मधला मार्ग काढला: नेमणूक राष्ट्रपतींची, पण न्यायाधीशांच्या सल्ल्याने.

हा मार्ग चोवीस वर्षे बरा चालला. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी, सरकारविरुद्ध मत दिलेल्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे सरन्यायाधीश झाल्याचे जाहीर झाले. तिघांनी राजीनामे दिले. मग आणीबाणी आली. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येईल काय, असा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे आला. एप्रिल १९७६ मध्ये चौघे म्हणाले, नाही. एकटे हंसराज खन्ना म्हणाले, येईल. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठतेने खन्नांची पाळी होती. ती बेगांना मिळाली आणि खन्ना घरी गेले. पाच महिन्यांनी मी आमच्या गावात पंच म्हणून बसलो, तेव्हा ही बातमी मला माहीत होती. माहीत असून काही उपयोग झाला नाही, हेच मला आज नवलाचे वाटते.

त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे ते सरन्यायाधीश झाले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी सुप्रीम कोर्टात बसून १९७६ चा तो बहुमताचा निकाल साफ चुकीचा ठरवला. मिठाहून मोठे ऋण बापाचे. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मी चष्मा काढून ठेवला. घरात काय वाटले असेल, हे बाहेरच्याने बोलू नये. पण ज्याच्यापुढे आपण वाकून नमस्कार केला, त्याच्या अक्षरावर काट मारताना कोणाचा हात हलका राहील?

अमेरिकेतही १९७४ साली असा दिवस उगवला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्या ध्वनिफिती न्यायालयापुढे हजर कराव्यात, असे आठही न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले. त्या आठांत तिघे स्वतः निक्सन यांनीच नेमलेले. पंधरा दिवसांच्या आसपास निक्सन पायउतार झाले. तिथे न्यायमूर्तीची नेमणूक आयुष्यभराची असते. एकदा सेनेटचा उंबरठा ओलांडला की पुन्हा कोणाकडे काही मागायचे उरत नाही. आपल्याकडे निवृत्ती आहे आणि निवृत्तीनंतर देण्यासारखी पदेही आहेत. झालेले उपकार विसरता येतात, पण व्हायचे असलेले उपकार विसरायला अधिक मोठे मन लागते.

खन्नांच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या सुप्रीम कोर्टाने १९९३ साली निर्णय दिला की नेमणुकीत शेवटचा शब्द न्यायाधीशांचाच. सरन्यायाधीश आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी बसतात, नावे ठरवतात. सरकार एकदा परत पाठवू शकते, पुन्हा तेच नाव आले तर नेमावे लागते. यालाच आज कॉलेजियम म्हणतात. २०१४ मध्ये संसदेने ही पद्धत मोडून नवा आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ ला कोर्टाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला. एकटे न्यायमूर्ती चेलमेश्वर वेगळे बोलले, आणि बंद दारामागच्या या निवडीबद्दल त्यांनी जे म्हटले ते मला पटते. सरकारचे मीठ नको म्हणून वडीलधाऱ्यांचे मीठ पत्करले, पण मिठाचा गुण बदलला काय? तरीही दोहोंतून एक निवडायची वेळ आली, तर मी वडीलधाऱ्यांचे निवडीन. त्यांच्यापुढे त्यांचा स्वतःचा खटला क्वचितच येतो. सरकारचा रोज येतो.

आमच्या जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या. मे २०१० मध्ये त्यांनी न्यायमूर्ती कापडियांना सरन्यायाधीशपदाची शपथ दिली, तेव्हा गावात कोणीतरी म्हणाले, "आता सरन्यायाधीशसुद्धा जळगाव नेमते!" राष्ट्रपतींची सही असते, निवड नसते, हे समजावून सांगायला मी तोंड उघडले आणि गप्प बसलो. नेमणाऱ्याने असे नुसत्या सहीपुरते उरावे, ही कल्पना मला त्या क्षणी फारच आवडली.

आप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. शेजारीही गेले. त्यांच्या नातवंडांनी दोन्ही शेतांना मिळून एकच कूपनलिका घेतली आहे आणि बांधावरून कोणी बोलत नाही. गेल्या दिवाळीत घर झाडताना ट्रंकेत निकालाची माझी प्रत सापडली. मी ती ओसरीवर बसून पुन्हा वाचली. अक्षर सुरेख आहे. मोजमापे बरोबर आहेत, कारणे एकामागून एक नीट लिहिली आहेत. फक्त एक गोष्ट इतक्या वर्षांनी प्रथमच डोळ्यांत भरली. शेजाऱ्याचा उल्लेख मी सगळीकडे त्याच्या पूर्ण नावाने, आडनावासकट केला आहे. दुसऱ्या पक्षकाराला मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसते 'आप्पा' म्हटले आहे.