मतदानाचे पात्र आणि तापलेली वसुंधरा



निवडणुकीत आपण जे देतो त्याला आपल्या भाषेत मत‘दान’ म्हणतात. हा शब्द ज्याने कोणी योजला त्याने आपल्यावर मोठाच भार टाकून ठेवला आहे. कारण दान म्हटले की शास्त्र लगेच तीन गोष्टी विचारते. देश कोणता, काळ कोणता, पात्र कोणते? परत काही मिळावे म्हणून दिले ते दान नव्हे, तो व्यवहार. आणि पाकीट घेऊन दिलेले मत म्हणजे तर उघड विक्रय. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांची आणि २०२६ च्या जानेवारीत महानगरपालिकांची मतदाने झाली. ग्रामपंचायतींची तर कुठे ना कुठे चाललेलीच असतात. तेव्हा प्रश्न असा की, पृथ्वी तापते आहे असे जे जगातले शास्त्रज्ञ सांगतात, त्याविषयी गावच्या उमेदवाराला काही विचारावे की नाही? आणि विचारलेच, तर त्याच्या उत्तरावरून पात्र-अपात्र कसे ठरवावे?

आधी काळ पाहू. कारखाने आणि आगगाड्या येण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. कोळसा आणि तेल जाळून जाळून ते आता ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू घोंगडीसारखा आहे. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. २०२४ हे साल मोजणी सुरू झाल्यापासूनचे तोवरचे सर्वांत उष्ण साल ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने ते जुन्या सरासरीहून सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते. दीड अंश म्हणजे काय हो मोठे, असे कोणी म्हणेल. पण अंगात ताप दीड अंश चढला की माणूस अंथरूण धरतो! हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. म्हणून पाऊस कोसळला तर एकदम कोसळतो, आणि नसला तर जमीन लवकर सुकते. प्रत्येक पुराचे नि दुष्काळाचे सगळे खापर याच कारणावर फोडणे न्यायाचे नाही. उसाची हाव आहे, नदीच्या पात्रात केलेली बांधकामे आहेत. पण आपल्या मुलखाने दोन्ही टोके पाहिली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात सीना नदी अशी फुगली की उभ्या पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली. ज्या अरणच्या मातीत सावतोबांनी मळा केला आणि मळ्यातच पांडुरंग पाहिला, ते अरण याच माढा तालुक्यातले. माती गेली म्हणजे काय गेले, हे वारकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता पूर्वपक्ष ऐकू. गावोगावी सप्ताहाच्या निमित्ताने आम्हांला उमेदवारांची बोलणी कानावर पडतात. त्यांत तीन तऱ्हा दिसतात.

पहिला म्हणतो, “पाऊसपाणी देवाच्या हातात, महाराज. त्यात माणसानं काय करायचं?” ऐकायला हे भक्तीचे वाटते, पण ही भक्ती नव्हे. धूर आपण केला, झाडे आपण तोडली, नदीत सांडपाणी आपण सोडले. आपल्या कर्माचे फळ समोर आले की त्यावर देवाचे नाव घालायचे, हा देवावर घातलेला आळ आहे. शरण जाणे म्हणजे कर्तव्य टाकणे नव्हे.

दुसरा म्हणतो, “हे दिल्लीचं काम.” अर्धे खरे आहे. २०७० पर्यंत कर्बवायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत दिले, ते दिल्लीनेच. पण १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पाणी, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा हे विषय पंचायतींच्या आणि कचरा, नागरी वनीकरण, पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांच्या कक्षेत घातले. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान काढले, त्यात तर भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांप्रमाणे गावांना गुण दिले. ज्याला पंचमहाभूते आपल्या खात्यात येतात हेच ठाऊक नाही, त्याने कारभार कशाचा करायचा?

तिसरा जरा शहाणा असतो. तो म्हणतो, “आमच्या दोन हजार वस्तीच्या गावानं जग थंड होणार आहे का? ज्यांनी दोनशे वर्षं धूर केला त्यांनी आधी करावं.” याला उत्तर दिले पाहिजे, कारण यात न्याय आहे. श्रीमंत देशांचे ऋण मोठे आहे यात शंका नाही. पण दुसऱ्याचे मोठे कर्ज दाखवून आपले लहान कर्ज फिटत नाही. आणि पंढरीला लाखो लोक जातात, मी एक न गेलो तर काय बिघडले, असे म्हणून कोणी वारी चुकवतो का? वारी घडते ती प्रत्येकाच्या पायाने. शिवाय धूर कोणाचाही असो, पूर आपल्याच उंबऱ्याशी येतो. ओढा मोकळा ठेवणे, विहिरीची पातळी राखणे, उन्हात राबणाऱ्यांना सावली देणे, हे आपल्याच माणसांसाठी आहे.

तर पूर्वपक्ष टिकत नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण चौथा एक उमेदवार असतो, तो सगळे मान्य करतो आणि म्हणतो, “निवडून द्या, गाव हिरवंगार करून दाखवतो!” त्याचे काय करावे? येथे मीमांसकांची जुनी कसोटी फार कामाची आहे. ते वाक्याचे दोन प्रकार करतात. एक अर्थवाद, म्हणजे स्तुतीचे बोलणे; दुसरा विधी, म्हणजे करायचे काय ते सांगणारे. अर्थवाद वाईट नव्हे, पण तो विधीच्या आधाराने उभा राहतो. एकट्या अर्थवादाने धर्म घडत नाही. आणि विधी पुरा व्हायला तीन आकांक्षा फिटाव्या लागतात. काय साधायचे, कशाने साधायचे, कोणत्या रीतीने साधायचे?

हेच तीन प्रश्न उमेदवाराला विचारावेत. ‘झाडे लावू’ म्हणाला, तर कोणती, कुठे? पैसा आणि पाणी कोणत्या खात्यातून? पहिली तीन वर्षे ती जगवणार कोण? ‘कचरा हटवू’ म्हणाला, तर हटवून टाकणार कुठे? ओला कचरा ढिगात दडपला की हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरतो. म्हणून ओले-सुके घरातच वेगळे करून खत करायचे, तर ती गाडी, ती जागा, ती माणसे कोठून आणणार? ज्याच्याजवळ तिन्ही उत्तरे आहेत त्याचे बोलणे विधी, बाकीचे फटाके.

असे होऊ शकते याला दाखला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार एकेकाळी दुष्काळाने ओस पडत चाललेले गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने पाणी अडवले, चराई आणि कुऱ्हाड आवरली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले आणि दरसाल पावसाच्या हिशेबाने पिके ठरवायला आरंभ केला. तेव्हा हवामानबदल हा शब्द गावात कोणी उच्चारत नव्हता. धर्म ओळखायला नेहमीच नवे नाव लागते असे नाही.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाने गाभारा दुधाने भरायला घेतला. साऱ्या नगरीचे दूध आले, वासरे उपाशी, लेकरे उपाशी, गाभारा काही भरेना. म्हातारीने लेकरांना पाजले, गाईवासरांना चारले, आणि उरले ते खुलभर दूध वाहिले. गाभारा भरून गेला. जुना वड तोडून त्याच जागी फलक लावून रोप लावणारा उमेदवार राजासारखा. आधी आहे ते जगवून मग नवे करणारा म्हातारीसारखा.

आता सर्वांत अवघड गोष्ट. उमेदवाराला पाच वर्षांनी पुन्हा दारात यायचे असते. वडाची सावली तेवढ्यात होत नाही. नदीला मत नाही, गुरांना नाही, पुढे जन्मणाऱ्या पोरांनाही नाही. मग त्यांच्या बाजूने बोलणारा निवडून यावा कसा? पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता मोठा झाला, चालणे सोयीचे झाले, पण वाटेवरची कितीतरी जुनी झाडे गेली. ज्यांनी ती लावली होती त्यांना आपली नावेही ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्यासाठी सावली ठेवली, ते पितृऋण. ते मागे फेडता येत नाही, पुढेच फेडावे लागते.

म्हणून एखादा प्रामाणिक उमेदवार जर म्हणाला, “पाणीपट्टी थोडी वाढेल, ओढ्यातली अतिक्रमणं काढावी लागतील, त्यात तुमचा ओटाही जाईल,” तर आपण काय करतो? त्याला पाडतो. आणि मग म्हणतो, चांगली माणसं उभीच राहत नाहीत! पात्राची परीक्षा उमेदवारापासून सुरू होते खरी, पण संपते ती दात्यापाशी. दाता लोभी असेल तर दान शुद्ध होत नाही, पात्र कितीही शुद्ध असो.

नारदांच्या गादीवरून अमक्याला मत द्या असे सांगणे आमचे काम नव्हे. ते आम्ही कधी केले नाही आणि करणारही नाही. पण पुढच्या खेपेला कोणी सप्ताहात नारळ घेऊन पुढे बसला, तर आरतीनंतर त्याला नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. काय, कशाने, कसे? आणि विचारण्याआधी आपण वारीच्या वाटेवर टाकलेली पत्रावळ स्वतः उचलावी, म्हणजे विचारण्याचा अधिकार येतो. चंद्रभागेत स्नान करून तिलाच मलिन करणाऱ्याने दुसऱ्याला जाब विचारू नये.

विश्वात विठ्ठल पाहायचा, हे आपण नित्य म्हणतो. मत देताना तो दिसला, तर ते मतदान.

॥ पुंडलिकवरदा हरि विठ्ठल ॥