पाव इंचाची शिवण

आपल्याकडील गोधडी मोठी क्षमाशील असते. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घातला, की टाका थोडा इकडेतिकडे गेला तरी ती तो पोटात घालते. अमेरिकेतील ‘नाईन-पॅच’ या चौकोनाचा स्वभाव तसा नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील लहान मुली बहुधा याच चौकोनावर हात बसवीत. म्हणून तो सोपा समजला जातो. ५ गडद आणि ४ फिके असे साडेतीन इंची तुकडे कापायचे, तीन-तीनच्या ओळी जोडायच्या, आणि प्रत्येक शिवण काठापासून बरोबर पाव इंचावर घालायची. शिवणी गडद तुकड्यांकडे वळवून इस्त्री केली म्हणजे लगतच्या ओळींत त्या विरुद्ध दिशांना बसतात व कोपऱ्याला कोपरा भिडतो. जोडलेला चौकोन साडेनऊ इंच भरला पाहिजे.

नातीच्या बाप्तिस्म्यासाठी मी असे पांघरूण शिवायला घेतले, तेव्हा माझी शिवण इंचाच्या सोळाव्या भागाने आत जात होती. एवढेसे ते काय! पण शिवण दोन्ही तुकड्यांतून खाते. ओळीत शिवणी दोन, म्हणजे चौकोन पाव इंचाने तोकडा. १२ चौकोन होईपर्यंत मला हे उमगलेच नाही. सगळेच सारखे तोकडे असल्याने ते एकमेकांशी बिनतक्रार जुळत होते. त्यांच्या मधोमध लावायचा अखंड कापडाचा साडेनऊ इंची चौकोन शेजारी ठेवला, तेव्हा सारे उघडे पडले.

त्यावर मी काय केले? कात्री घेतली आणि त्या अखंड चौकोनाचीच कड छाटली. तो जुळला! कचेरीत चिरीमिरी न घेणाऱ्या एखाद्याला सहकारी ‘जरा सांभाळून घे’ म्हणतात, तेव्हा तीच कात्री चालत असते.

मनाची समजूत घालायला एक कथाही हाताशी होती. आमिश पंथाच्या स्त्रिया गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे, कारण परिपूर्ण केवळ परमेश्वर. गोधड्यांच्या इतिहासाचे अभ्यासक ही दंतकथाच मानतात. आणि खरी असती तरी त्या नम्रतेत अहंकार केवढा! चूक मुद्दाम करावी लागेल ती जिचे बाकी सारे अचूक आहे तिला. माझ्याकडे चुका न बोलावता येतात.

अर्थात, तान्हे बाळ काही टेप लावून पाहणार नव्हते. तोकडे पांघरूणही तितकीच ऊब देते, आणि पाव इंचासाठी झोप घालवणे ही भक्ती नव्हे, मनाचा आजार आहे. पण मला शिवण सलत नव्हती, सलत होती ती कात्री. शिवण चुकली होती हाताची. छाटताना मात्र मला सर्व ठाऊक होते.

शेवटी ९६ शिवणी उसवल्या. तुकडे शाबूत होते, पुन्हा शिवता आले. छाटलेला चौकोन मात्र वाढणार नव्हता, आणि त्या कापडाचा दुसरा तुकडाही उरला नव्हता. तेथे वेगळ्याच रंगाचा लावावा लागला. बाप्तिस्म्याच्या दिवशी एका पाहुणीने नेमके त्याचेच कौतुक केले. मी तिला काही सांगितले नाही.